खोडदची विज्ञानजत्रा

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला माणसं पोराबाळांसह लोटतात. टीआयएफआरची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तेव्हा सर्वांना खुली असते; गावोगावच्या शाळा आपले प्रयोग मांडतात, संशोधक ते कौतुकाने पाहतात.

याला निव्वळ विज्ञानप्रसार म्हणणं मला अपुरं वाटतं. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी १६ दूरवर शेताशिवारांत पसरलेल्या आहेत. आकाशातले संकेत इतके क्षीण, की विजेच्या तारेवरची ठिणगीही त्यांत खरखर मिसळते. शेजारी गावांनी सांभाळून घेतलं नाही, तर दुर्बीण बहिरीच.

तिथे एका आजींनी नातवाला विचारलं, “यातून दिसतं काय रे?”

“दिसत नाही गं, ऐकायचं असतं.”

आजींनी पिशवीतला मोबाइल काढून बंद करायला त्याच्या हातात दिला.