लोवेल : गिरण्यांच्या नगरीतील दोन ख्रिस्तमंदिरे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल हे एकेकाळी कापडगिरण्यांचे प्रमुख शहर होते. मेरिमॅक नदी तेथे सुमारे ३२ फूट खाली उतरते. १८२२ पासून बॉस्टनच्या भांडवलदारांनी कालव्यांवाटे हे पाणी गिरण्यांच्या चक्रांवर आणले. या नगरीचा जुना मध्यभाग पायीच पाहावा. कोणती वास्तू कोठे उभी आहे, यातच तिचा इतिहास दडलेला आहे.

मेरिमॅक कालव्याच्या काठी सेंट ॲन हे एपिस्कोपल पंथाचे चर्च आहे. गिरणीचा कारभारी कर्क बूट याच्या पुढाकाराने ते १८२५ मध्ये उभे राहिले. त्याच्या भिंतींचा दगड कालव्याच्या खोदकामातूनच निघालेला आहे. पंथ कोणताही असो, कामगारांच्या वेतनातून प्रारंभी या चर्चसाठी वर्गणी कापली जाई, आणि ती त्यांना सलत असे.

तेथून कर्क मार्गाने नदीकडे गेले की बूट गिरणीच्या लाल विटांच्या उंच भिंती दिसू लागतात. १८३५ साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या मनोऱ्यातील घंटेवर कामगारांचा दिवस चाले. खेड्यांतून आलेल्या तरुणी कंपनीच्या वसतिगृहांत राहत. वेतनकपातीविरुद्ध १८३४ मध्ये व खानावळीच्या दरवाढीविरुद्ध १८३६ मध्ये लोवेलच्या गिरण्यांतील मुलींनी संप केले. त्यांच्या मागांवर चढणारा कापूस मात्र दक्षिणेतील गुलामांच्या श्रमाचा होता. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तो कापूस अडला आणि येथील बहुतेक माग थंडावले. त्याच वेळी आपल्या मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला.

मेरिमॅक रस्त्याने पश्चिमेकडे निघून, १८९३ च्या ग्रॅनाइटी नगरभवनावरून पुढे गेले की ‘एकर’ ही वस्ती लागते. एप्रिल १८२२ मध्ये ह्यू कमिस्की हा मुकादम तीस आयरिश मजुरांना घेऊन चार्ल्सटाउनहून पायी येथे आला. कालवे खणले ते अशा हातांनी. गिरणीतील मुलींसाठी वसतिगृहे बांधणाऱ्या कंपनीने या मजुरांसाठी घरे बांधली नाहीत. एकरमध्ये ते झोपड्या घालून राहिले. १८३१ मध्ये बिशप फेनविक यांनी त्यांच्या सेंट पॅट्रिक या लाकडी ख्रिस्तमंदिराचे समर्पण केले. त्याच जागी १८५४ मध्ये आजचे गॉथिक शैलीतील दगडी मंदिर उभे राहिले. त्याचे वास्तुशिल्पी पॅट्रिक कीली हेही आयर्लंडमध्येच जन्मलेले. पुढे फ्रेंच कॅनेडियन, ग्रीक व कंबोडियन आले. प्रत्येकाने आपले प्रार्थनास्थळ उभारले.

विसाव्या शतकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मेरिमॅक गिरणी व फ्रेंच कॅनेडियनांची जुनी वस्ती १९६० च्या दशकात जमीनदोस्त झाली. उरलेल्याचे मोल ओळखून १९७८ मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. बूट गिरणीत आज संग्रहालय आहे आणि कालवे खणणाऱ्या मजुराचा पुतळाही भर शहरात उभा आहे.

१९८२ च्या संपानंतर ओसरलेले गिरणगाव ज्यांनी पाहिले, त्यांना हे सारे परके वाटणार नाही. लोवेलमधील ही दोन्ही ख्रिस्तमंदिरे सुंदर आहेत. एक मालकाच्या इच्छेने उभे राहिले, दुसरे श्रमिकांच्या श्रद्धेने. पण पहिल्याचा दगडही कष्टकऱ्यांनीच खणून काढला होता. त्याच्या भिंतीपाशी क्षणभर थांबणाऱ्याने त्यांचेही स्मरण करावे.