सुईला घर मिळाले, पाखरांचे काय?

थंडी पडली की आपल्या गोदाकाठी चक्रवाक उतरतात. हिमालयाकडून इतक्या दूर येणाऱ्या पाखरांना वाट कोण दाखवितो, हा प्रश्न फार जुना आहे. सूर्य, तारे व ओळखीच्या खुणा यांबरोबर कित्येक पक्षी पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही आधार घेतात, हे आता प्रयोगांनी ठरले आहे. हा वाटाड्या किती नाजूक आहे याचा अनुभव महाराष्ट्राला पूर्वीच आला होता, म्हणून आम्ही आरंभ मुंबईपासून करतो.

कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकसूचीच्या नोंदी होऊ लागल्या. यंत्रापाशी बसून तासातासाला आकडा टिपणारे नोकर असत. सप्टेंबर 1859 मध्ये पृथ्वीभर मोठे चुंबकीय वादळ झाले, त्याची त्यांनी टिपलेली नोंद शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले आणि तेथे लोखंड वर्ज्य करून इमारत उभी राहिली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन हिशेब जुळविला गेला. मग 1907 साली विजेची ट्राम धावली. लोकांची सोय झाली आणि शास्त्राचा धागाही तुटला नाही.

आता पाखरांकडे वळू. जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे वोल्फगांग विल्चको यांनी 1960 नंतरच्या दशकात पिंजऱ्याभोवती तारांची वेटोळी लावून चुंबकीय दिशा बदलली, तशी रॉबिन पक्ष्यांनीही आपली दिशा बदलली. या पक्ष्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. बलरेषा जमिनीकडे कशी कलते यावरून तो ध्रुवाची बाजू ओळखतो. त्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन हे काम करीत असावे, असा कयास आहे.

त्याच देशातील ओल्डेनबुर्ग शहरात रॉबिनांना वाट सापडेना. झोपडीला ॲल्युमिनियमचे आवरण घालून ते जमिनीशी जोडताच सापडली. विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या क्षीण रेडिओलहरींनी त्यांचे होकायंत्र निकामी केले होते, हे 2014 साली प्रसिद्ध झाले.

वीज नको, असे आम्ही म्हणत नाही. कामगार चळवळीत आम्ही इतकेच शिकलो, की नवे यंत्र येण्यापूर्वी त्याचा भार कोणावर पडेल हे विचारावे. मुंबईने सुईसाठी ते विचारले. सुईची बाजू मांडावयास मूस होते. पाखरांचा अर्ज आपणच लिहावयाचा आहे.