फॉरमॅट मारण्याआधी

संगणक चालू होईना की ‘फॉरमॅट मारा’ म्हणायचं, ही दुरुस्तीच्या दुकानांतली सवय अडाणीपणाची समजली जाते. मला ती परिस्थितीतून आलेली वाटते. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि पुढे तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गावी पोचले. विंडोज एक्सपीही २००१ सालचीच. या लाटेत आलेल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांतून जुळवलेल्या असेंबल्ड मशीनमध्ये मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचं आणि प्रत्येकाची ड्रायव्हर सीडी निराळी. सीडी हरवली आणि इंटरनेट डायल-अपचं असलं, तर योग्य ड्रायव्हर हुडकण्यापेक्षा सगळं नव्याने टाकणं स्वस्त पडे. गिऱ्हाइकाचे फोटो नि हिशेब आधी उतरवून न घेता ते करणं मात्र अक्षम्यच होतं.

पण या धंद्याला फॉरमॅटपलीकडचं काही येत नव्हतं, हा आक्षेप टिकत नाही. एक्सपीच्या सीडीत साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता. डिस्क शाबूत असूनही शेवटी ‘७बी’ असलेला कोड निळ्या स्क्रीनवर येई आणि तीच सीडी कितीदाही घातली तरी तोच कोड परत येई. इथे एकतर स्थापनेच्या सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, नाहीतर बायोसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई निवडावं लागे. चालू मशीन नवा ड्रायव्हर टाकल्यावर बंद पडलं, तर एफ८ दाबून सेफ मोड. तिथे विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन उठते. ती उठली, तर संशय नव्या ड्रायव्हरवर, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून जुना परत आणायचा. एकेक कारण वगळत नेमक्या दोषावर येण्याची ही विद्या होती, आणि या धंद्याचा इतिहास लिहायचा तर तो तिचाच लिहावा.

आता ड्रायव्हर आपोआप येतात, ६४-बिट व्हिस्टापासून त्यांवर डिजिटल सहीही सक्तीची झाली. मग हे कौशल्य कालबाह्य नाही का? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या रीतसर सही असलेल्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. मुंबई विमानतळावरही चेक-इन हाताने करावं लागलं. सदोष फाइल कंपनीने तासा-दीड तासात मागे घेतली, पण जी मशीन उठतच नव्हती त्यांतल्या बहुतेकांपुढे माणसालाच बसावं लागलं: सेफ मोड, ड्रायव्हरचा फोल्डर, ती एकच फाइल काढून टाकणं, पुन्हा चालू. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तिथे त्याआधी ४८ अंकी चावीही टाइप करावी लागली.