कापडाच्या गाड्यांची वाट : तेर ते पैठण

 

येळवस झाली की शेतातलं काम जरा हलकं होतं आणि गटागटांत सहलीचा विषय निघतो. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट ही नावं ठरलेली. देवदर्शनाला माझी ना नाही. पण यंदा दोन दिवसांची एक वेगळी वाट सुचवते. पहिल्या दिवशी तेरचं वस्तुसंग्रहालय, दुसऱ्या दिवशी पैठणचं. “फुटकी खापरं बघायला गाडीभाडं भरायचं का?” असं कुणीतरी विचारणारच. विचारावंच, पैसा घामाचा आहे. म्हणून तिथं आपलं काय आहे ते आधी सांगते.

साधारण साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्रावर व्यापार करणाऱ्या एका माणसानं ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. कुठल्या बंदरात कुठला माल मिळतो, याची ती वहीच आहे म्हणा ना. गुजरातमधल्या भडोच बंदराबद्दल लिहिताना त्यानं आपल्याकडच्या दोन गावांची नावं घेतली आहेत : पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजचं तेर. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पुढं दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड जायचे. तगरहून साधं कापड भरपूर जायचं आणि तलम मलमलही. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून नेत. आपण क्रुझरनं पाच-सहा तासांत जाऊ, तेवढ्या वाटेला दहा दिवस! आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चाक कसं रुततं हे तुम्हाला मी काय सांगू?

कापडाची नोंद झाली, पण त्याचं सूत कुणी कातलं हे त्या वहीत नाही. ते दुसरीकडं शोधावं लागतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या जुन्या ग्रंथात सूतकताईवर एक अख्खं प्रकरण आहे. विधवा, अपंग बाया, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून राज्यानं सूत कातून घ्यावं, असं त्यात लिहिलंय. ज्या बाया घराबाहेर पडत नाहीत त्यांना काम घरपोच द्यावं. सूत घेऊन आलेल्या बाईच्या तोंडाकडं अधिकाऱ्यानं निरखून पाहिलं किंवा कामाबाहेरचं बोलला तर दंड, आणि मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड! हा नियम किती पाळला गेला असेल याची मला शंका आहे. पण नियम करावा लागला, म्हणजे तसं घडत असणार, एवढं तर आपल्याला कळतंच.

आता तेर. तिथल्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. हे तेरचेच गृहस्थ. गावाच्या टेकाडांवर मिळालेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्या संग्रहातून हे संग्रहालय उभं राहिलं. आत गेल्यावर घाई करू नका. शंखाच्या बांगड्या बघा, मणी बघा, भाजलेल्या मातीच्या बायांच्या मूर्ती बघा. त्यांचे अंबाडे, कानातले, कमरेवरचे दागिने नीट न्याहाळा. राजाराणीच्या तसबिरी नाहीत या, हाताएवढ्या मूर्ती आहेत. पण त्या काळची बाई केस कसे बांधायची, हे यांच्याइतकं चांगलं कुणी सांगत नाही.

याच संग्रहातली एक हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती फार नावाजलेली आहे. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथं खोदताना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्या वळणाची आहे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच सापडली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली यावर अभ्यासकांचा वाद आहे. तरी आपल्या मुलखातल्या कारागिराचा हात रोमच्या राज्यापर्यंत पोचला असेल, हे मनात ठेवून तिच्यासमोर थोडं थांबा.

तेरला संत गोरोबाकाकांची समाधी आहे, तेव्हा दर्शनही होईल. विटांचं त्रिविक्रम मंदिर बघायला विसरू नका, त्याचं छत हत्तीच्या पाठीसारखं आहे.

दुपारी धपाटे-चटणी खाऊन निघालं की धाराशिव, बीड करत रात्री पैठण. पैठण ही सातवाहनांची राजधानी. या घराण्यातल्या दोन बायांची नावं दगडावर कोरलेली आहेत. नाणेघाटात नागनिका, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री. गौतमीचा मुलगा तर आईच्याच नावानं ओळखला जातो, गौतमीपुत्र. पैठणच्या संग्रहालयालाही बाळासाहेब पाटील या तिथल्याच संग्राहकाचं नाव आहे. मग पैठणीचे माग बघून, नाथांच्या वाड्यात जाऊन परत फिरायचं.

तयारीचं थोडक्यात. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात. निघण्याआधी एक फोन करून वेळ विचारा. बचतीला हात लावू नका, दर बैठकीला सहलीची वर्गणी वेगळी काढा. शिकणारी एखादी पोर वही घेऊन सोबत असू द्या. आणि तेरच्या टेकाडावर दिसलं म्हणून खापर पिशवीत टाकू नका.

आपल्याही गावाला पांढर आहे. धाब्यावर टाकायला तिथून माती आणताना कुदळीला मणी, बांगडीचा तुकडा, जुनं खापर लागलेलं तुमच्यातल्या कितीजणींनी पाहिलंय? तेरहून आल्यावर घरातल्या आज्जीला घेऊन तिथं एक चक्कर मारा, आणि काय काय सापडायचं ते तिला विचारून वहीत उतरवा.