'हप्ता बंद होईल' असा मेल आला? दाबण्याआधी पत्ता वाचा

तालुका प्रतिनिधी : कांदा काढणीच्या गडबडीत माझ्या मोबाईलवर मेल आला. "आपली ई-केवायसी अपूर्ण आहे. २४ तासांत न केल्यास पीएम किसानचा हप्ता बंद होईल." खाली निळी लिंक. मातीच्या हातानं दाबणारच होतो, तेवढ्यात पोरानं फोन घेतला. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट लावलं, तर पत्ता निघाला साध्या जीमेलचा. नाव तेवढं सरकारी.

फसवतात कसे?
पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २००० च्या तीन हप्त्यांत येतात आणि त्याला ई-केवायसी लागते, हे खरंच आहे. भामटे याच खऱ्या गोष्टीला खोटी लिंक जोडतात. लिंक दाबली की हुबेहूब सरकारी पान उघडतं आणि आधार, खाते नंबर, ओटीपी मागतं.

दुसरा प्रकार एपीके फाईलचा. ही व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरते. फोनमध्ये टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. आपण कुणाला काही सांगितलेलं नसतं, तरी खातं रिकामं होतं.

पत्ता कसा वाचायचा?
- मेलमधलं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. त्यावर बोट लावून पूर्ण पत्ता बघा.
- लिंक उघडू नका, नुसती दाबून धरा. खरा पत्ता दिसतो.
- सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यापुढची पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचा शेवट वाचा. केंद्र सरकारची पीएम किसानची साइट 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' अशी आहे. 'पीएमकिसान' नाव मध्ये कुठंतरी आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा भलतंच काही असेल, तर ती सरकारी नाही. सातबाऱ्यावर आपण गट नंबर बघतो, तसंच हे.
- कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून साइट खरी ठरत नाही. खोट्या साइटवरही ते असतं.
- पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

ई-केवायसी राहिली असेल तर मेलमधून करू नका. साइटचा पत्ता स्वतः टाका, नाहीतर जवळच्या सीएससी केंद्रात अंगठा देऊन करून घ्या.

पैसे गेलेच तर?
1. एपीके टाकली असेल तर आधी त्या फोनचं नेट बंद करा. पुढचे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा.
2. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार गेली, तर ते मधेच थांबवता येतात. म्हणून उद्यावर टाकू नका.
3. बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा. तक्रार नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं.
4. मेल, मेसेज पुसू नका. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वर तक्रार करताना ते लागतात.

फसलो म्हणून लोक हसतील, या लाजेपायी बरेच जण गप्प बसतात. तेवढ्या वेळात पैसे हातचे जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर आजच टाकून द्या.