शहराचा विमानतळ, कारभार कोणाचा?

विमानतळांचा अभ्यास म्हटले की विमाने, धावपट्टी आणि काचेच्या प्रशस्त इमारती डोळ्यांपुढे येतात. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधीच सांगितलेले बरे, की इथे विमानांचे स्थान दुय्यम आहे. इथले प्रश्न वेगळे आहेत. जमीन कोणी घेतली? धावपट्टी कोणाच्या नावावर आहे? तिकिटातून वसूल होणारे शुल्क कोण ठरवते? विमान केव्हा उतरायचे हे कोण सांगते? आणि यातले काही बिघडले तर जाब विचारायचा कोणाला? शहराचे सार्वजनिक विमानतळ चालवणाऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसांचा व संस्थांचा हा अभ्यास आहे. कायदा, अर्थशास्त्र, नगररचना, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयातून आलात तरी इथे करण्यासारखे काम भरपूर आहे.

या क्षेत्राचे एक मूलभूत वास्तव सुरुवातीलाच मांडतो. आपल्याकडे ‘शहराचा विमानतळ’ शहराच्या ताब्यात नसतो. मुंबई महानगरपालिकेची स्वतःची धरणे आहेत, रुग्णालये आहेत, बेस्टसारखा उपक्रम आहे. विमानतळ मात्र तिचा कधीच नव्हता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २९ व्या नोंदीने विमानतळ आणि हवाई वाहतूक हे विषय केंद्राकडे दिले आहेत. त्यामुळे ज्या विमानतळावर शहर मिरवते, त्याच्या कारभारात महापौरांना जागा नाही.

जगात सगळीकडे असे नाही. लॉस एंजेलिसमध्ये महापौर सात आयुक्तांचे मंडळ नेमतात, नगरपरिषद त्या नेमणुकांना मान्यता देते आणि ते मंडळ शहराच्या विमानतळ खात्यावर देखरेख ठेवते. मँचेस्टर विमानतळाच्या मालकीत त्या महानगरातील दहाही स्थानिक परिषदांचा वाटा आहे. न्यूयॉर्कने १९४७ मध्ये आपले विमानतळ भाडेपट्ट्याने पोर्ट ऑथॉरिटीकडे सोपवले, जमिनीची मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. या तिन्ही ठिकाणी मतदार आणि विमानतळ यांच्यात एखादा तरी सरळ दुवा सापडतो. आपल्याकडे तो दुवा शोधावा लागतो, आणि त्या शोधातच आपल्या विषयाची खरी गोडी आहे.

शोधाची सुरुवात जुहूपासून करावी. तिथला विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात ते मैदान निकामी होई, मग हवाई टपालाचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या कामी आली आणि युद्धानंतर नागरी वाहतुकीकडे वळली. पुढची काही दशके विमानतळ हा सरकारी खात्याचा कारभार होता. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांच्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी १९७२ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण आले. १९८६ मध्ये देशांतर्गत विमानतळांसाठी दुसरे आले. १ एप्रिल १९९५ रोजी दोन्हींचे विलीनीकरण होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण उभे राहिले.

प्राधिकरणाच्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट खुली झाली. २००६ मध्ये मुंबईचा विमानतळ एका संयुक्त कंपनीकडे गेला. तीत जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील गटाचा वाटा ७४ टक्के, तर प्राधिकरणाचा २६ टक्के होता. २०२१ मध्ये जीव्हीकेच्या जागी अदानी समूह आला. येथून पुढे ‘विमानतळ सरकारी की खाजगी?’ हा प्रश्न अपुरा पडू लागतो. एखादा प्रवासी दारातून आत शिरून आकाशात जाईपर्यंत किती कारभाऱ्यांच्या हद्दीतून जातो, ते पाहा. इमारत, दुकाने, वाहनतळ कंपनीचे. सुरक्षा तपासणी करणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर, २००० पासून ही जबाबदारी त्या दलाकडे येऊ लागली. तपासणीचे नियम ठरवतो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो. पारपत्रावर शिक्का मारणारा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला, सामान उघडायला लावणारा अर्थ मंत्रालयाच्या. विमानतळाला परवाना देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. आणि मनोऱ्यात बसून विमानाला उड्डाणाची परवानगी देणारे नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे.

यातला शेवटचा दुवा नवख्या अभ्यासकाच्या नजरेतून हमखास सुटतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला साधारण ४६ उड्डाणे व उतरणी, ही तिची मर्यादा. टर्मिनल कितीही मोठे बांधा, कंपनीच्या उत्पन्नाची लय अखेर ज्यांच्या हाती आहे ते नियंत्रक तिचे नोकर नाहीत. मालकी आणि नियंत्रण ही दोन वेगळी सूत्रे आहेत, हा धडा इथे मिळतो.

दुसरा धडा इमारतींच्या उंचीचा. विमानतळाभोवतीच्या परिसरासाठी प्राधिकरणाचे रंगीत नकाशे आहेत. कोणत्या पट्ट्यात समुद्रसपाटीपासून किती उंच बांधता येईल, हे त्यांत दाखवलेले असते. त्यापलीकडे जायचे तर प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले इथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडतो त्यामागे कधीकधी हेच कारण असते. म्हणजे विमानतळावर महापालिकेचा अधिकार चालत नाही, पण महापालिकेच्या अधिकाराला विमानतळामुळे कात्री लागते.

पैशाचा हिशेब हे या क्षेत्राचे सर्वांत समृद्ध दालन. २००६ च्या करारानुसार मुंबईच्या कंपनीने आपल्या महसुलाचा ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायचा असतो. प्रवाशांवर व विमान कंपन्यांवर लागणारे शुल्क मात्र दोघेही ठरवत नाहीत. त्यासाठी २००८ च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण स्थापन झाले. ते पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांसाठी दर ठरवते. दुकाने, जाहिराती, वाहनतळ यांच्या उत्पन्नातील ३० टक्के हिस्सा प्रवाशांचा भार हलका करण्यासाठी धरायचा, ही त्यातली रूढ पद्धत. दर ठरवण्यापूर्वी नियामक एक सल्लामसलत-पत्र प्रसिद्ध करतो आणि हरकती मागवतो. हे पत्र कोणालाही वाचता येते. विमानतळाचा संसार समजून घ्यायला याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही. जोडीला भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे दिल्ली (२०१२) आणि मुंबई (२०१४) विमानतळांवरील अहवाल ठेवावेत.

मुंबईबाहेर पाहिले की नमुन्यांची विविधता दिसते. पुण्याचे लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी तिथल्या नागरी भागापुरते पाहुणे. नाशिकजवळचे ओझर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे. गोव्याचे दाबोळी नौदलाचे, तर मोपा खाजगी कंपनीने उभारलेले. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने सुरू केला, ही राज्य सरकारची कंपनी. कोल्हापूरचा कारभार केंद्राच्या प्राधिकरणाकडे. केरळमधील कोचीचा विमानतळ राज्य सरकार आणि परदेशस्थ केरळी भागधारक यांच्या भांडवलातून १९९९ मध्ये सुरू झाला. मुख्यमंत्री त्या कंपनीचे अध्यक्ष असतात. प्राधिकरणाच्या विमानतळांवर स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. तिचा सल्ला बंधनकारक नसला, तरी विमानतळाच्या कारभारात स्थानिक मतदाराचा आवाज पोहोचण्याच्या मोजक्या जागांपैकी ती एक आहे.

रायगडकरांसाठी मात्र खरा अभ्यासविषय घराजवळच आहे. नवी मुंबईचा विमानतळ पनवेल तालुक्यात ११६० हेक्टरांवर उभा राहिला. त्यासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, पाणथळ जागांवर भराव पडला. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, २०१७ मध्ये निविदा, फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे, असा हा प्रवास. निविदा जिंकणाऱ्या जीव्हीकेने महसुलातील १२.६० टक्के वाटा देऊ केला होता. मुंबईच्या ३८.७ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून घाईने निष्कर्ष काढू नये. चालता विमानतळ हाती घेणे वेगळे आणि चिखलावर नवा उभारणे वेगळे, दोन्हींतली जोखीम सारखी नसते.

या प्रकल्पातही खाजगी वाटा ७४ टक्के आहे. उरलेले २६ टक्के मात्र सिडकोकडे आहेत, आणि म्हणून हा नमुना मुंबईहून निराळा ठरतो. १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको ही शहर वसवणारी संस्था. इथे ती जमिनीची धनी आहे, कंपनीची भागीदार आहे, भोवतालच्या परिसराची नियोजनकार आहे आणि विस्थापितांचे पुनर्वसन करणारीही तीच आहे. विमानतळाभोवतीच्या जमिनीचा भाव वाढला तर फायदा तिला. त्याच जमिनीवरून उठलेल्या माणसाची तक्रार ऐकायची तीही तिनेच. एका संस्थेने एवढ्या भूमिका एकत्र पार पाडाव्यात का, हा प्रश्न विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावा. उत्तर ‘नाही’ आलेच पाहिजे असे नाही. सगळे अधिकार एका ठिकाणी असल्याने पुनर्वसनाची बोलणी एकाच टेबलावर होऊ शकली, असाही युक्तिवाद करता येतो.

ती बोलणी मात्र आयती झालेली नाहीत. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा मिळाला. विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांच्या वेळी तो साडेबावीस टक्क्यांवर गेला. विमानतळाला ‘दिबां’चे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर आले. राज्याने प्रस्ताव केला, पण नावाचा अंतिम निर्णयही केंद्राच्याच हाती. देखरेखीचा इतिहास लिहिताना कार्यालयांतील अधिकाऱ्यांइतकेच स्थान या माणसांना द्यावे लागेल. साडेबारा आणि साडेबावीस टक्क्यांची तरतूद कोणा नियोजनकाराच्या नकाशात आधीपासून नव्हती. ज्यांची जमीन गेली त्यांनी ती मिळवली.

मी हे कर्जत तालुक्यातील पोशीरला बसून लिहितो आहे. इथून धावपट्टी दिसत नाही. तरीही विमानतळाची देखरेख कुंपणाशी संपत नाही, हे याच मुलुखात नीट कळते. जानेवारी २०१३ मध्ये सिडकोला विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची, विशेष नियोजन संस्था नेमले गेले. मूळ अधिसूचनेत २७० गावे होती, आणि पनवेल, उरण, पेणसोबत कर्जत व खालापूर तालुक्यांचाही त्यात समावेश होता. पुढे द्रुतगती मार्गालगतची काही गावे रस्ते विकास महामंडळाकडे गेली. एका अधिसूचनेने नियोजनाचा अधिकार ग्रामपंचायतीपासून दूर जातो, दुसरीने तो एका महामंडळातून दुसऱ्यात जातो. सातबाऱ्यावरचे नाव तेच राहते, पण त्या जमिनीवर काय उभारायचे ते ठरवणारा बदलतो. नगररचना परियोजनेत मालकाला सुमारे ४० टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड परत मिळतो. हा व्यवहार शेतकऱ्याला परवडतो का, हे मोजायला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावोगाव हिंडायला हवे.

शिवाय महानगर इकडे सरकते ते एकट्या विमानतळामुळे नव्हे. पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाची योजना आहे. महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठीचा पोशीर प्रकल्पही आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या ६,३९४ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. विमानतळ, रेल्वे आणि धरण या तीन योजनांच्या फायली तीन वेगळ्या कार्यालयांत असतात. त्यांचे परिणाम मात्र एकाच शिवारात येऊन पडतात. या सगळ्यांचा एकत्रित हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही एका यंत्रणेवर नाही. अभ्यासकाने तो ठेवायला घ्यावा.

नव्या वाचकाने सुरुवात कशी करावी? आधी कागद गोळा करावेत : भूसंपादनाच्या अधिसूचना, सवलत करार, नियामकाचे दर-आदेश, पर्यावरण मंजुरीतील अटी आणि त्यांच्या पूर्ततेचे अहवाल, ग्रामसभांचे ठराव. मग प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी लिहाव्यात. निर्णय कोणी घेतला, खर्च कोणावर पडला, आणि अपील कोणाकडे करता येते. तिसरा रकाना बऱ्याचदा कोरा राहील. तो कोरा का राहिला, याचे कारण शोधणे म्हणजेच या क्षेत्रातले संशोधन. सामान वाहणारे कंत्राटी कामगार, टॅक्सीवाले, पक्ष्यांच्या धडका टाळण्यासाठी कचऱ्यावर लक्ष ठेवणारे कर्मचारी, खाडीतले मासेमार, सल्लागार समित्यांची इतिवृत्ते, या सगळ्यांवर मराठीत लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. ते लिहिण्यासाठी परदेशी विद्यापीठात जावे लागत नाही. पनवेलचे भूसंपादन कार्यालय आणि बेलापूरचे सिडको भवन लोकलने गाठता येते.

विमानतळाची मालकी शहराकडे यावी, असा माझा आग्रह नाही. मँचेस्टरचा नमुना जसाच्या तसा उचलून इथे लावता येणारही नाही. पण ज्या संस्था शहराच्या नावाने विमानतळ चालवतात, त्यांनी शहराला आणि त्याच्या परिघातल्या गावांना हिशेब द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. हिशेब मागायला आधी तो वाचता यावा लागतो. तो वाचायला शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाचे या क्षेत्रात मनापासून स्वागत.

पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड