घराचा पत्ता ते तिजोरीची किल्ली

मंडळी, या शनिवारी थोडा इतिहास. विषय आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या रोजच्या वापरातला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल!

काटेवाडीच्या माणसाला ही कल्पना पालखीवरून चटकन कळेल. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना आमच्या गावात येते. पालखी तीच, पण धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण गावाचं. प्रोग्रॅमचंही तसंच. कोड सगळीकडे एकच. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड वगैरे त्या त्या मुक्कामाचं. म्हणून ते कोडच्या बाहेर ठेवायचं.

ही सोय बरीच जुनी. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात ती होती. तेव्हा त्यात असायचं काय? 'होम' म्हणजे वापरणाऱ्याची डिरेक्टरी, 'पाथ' म्हणजे कमांड कुठे शोधायच्या ते. गुपित काहीच नाही! त्यामुळे एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की सगळी यादी त्याला वारशात मिळते, याचं कुणाला काही वाटलं नाही.

२००७ मध्ये हेरोकू सुरू झाली. सर्व्हर त्यांचा, कोड आपला. मग पासवर्ड ठेवायचा कुठे? कमांड लाईनवर 'हेरोकू कॉन्फिग:सेट' लिहून पुढे नाव आणि किंमत द्यायची. कोडला हात न लावता नवं रिलीज तयार होतं आणि ॲप पुन्हा सुरू होतं. हेरोकूच्याच ॲडम विगिन्स यांनी पुढे 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप'मध्ये याचा नियम केला. कसोटी सोपी: कोड आत्ता जगाला खुला केला, तरी एकही गुपित फुटता कामा नये.

ही कसोटी नुसती पुस्तकी नाही. २०१६ मध्ये चोरांना उबरच्या खाजगी गिटहब कोडमध्ये ॲमेझॉन क्लाऊडची किल्ली सापडली. ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

पण व्हेरिएबलमध्ये टाकलं की सुटलो, असंही नाही हं. घराचा पत्ता सांगायला केलेल्या सोयीत आपण तिजोरीची किल्ली ठेवतोय. टाईप केलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत राहतो, लॉगमध्ये छापला जाऊ शकतो, आणि वारसा तर चालूच. म्हणून मी बॅशमध्ये 'इग्नोरस्पेस' चालू ठेवतो आणि अशा कमांडआधी एक स्पेस सोडतो. मग ती हिस्टरीत जात नाही. आज रात्री तुमची हिस्टरी एकदा चाळून बघा. किल्ली दिसली, तर नुसती पुसू नका, बदलून टाका.